गाण्याखालचा आवाज

देवराव मुनेश्वर वारले त्याच्या पुढच्या पावसाळ्यात त्यांचा अँप्लिफायर जळाला. व्होल्टेज वरखाली झालं आणि आतून काळा धूर निघाला. बोरी अरबच्या त्या दोन खोल्यांच्या घरात आता त्यांच्या अकरा कॅसेटी होत्या, टेपडेक होता, सुताराकडून करून घेतलेले दोन सागवानी स्पीकर होते. पण त्यांचा आवाज मात्र घरात उरला नव्हता.

देवराव भीमगीतं गायचे. दारव्हा तालुक्यात त्यांना सगळे ओळखत. लग्न असो, जयंती असो, पेटी मांडीवर घेऊन बसले की माणसं उठत नसत.

त्यांची बायको कांताबाई हिने यवतमाळला मुलीला फोन केला.

"शीले, तुह्या बापाचा आवाज आयकाले कान तरसले वं. दुकानातलं नको आनू. तुले येते नं करता?"

शीला यवतमाळला आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. चौतीस वर्षांची, एकटी राहणारी, कमी बोलणारी बाई. करता येत होतंच. तिने क्लास डी जातीच्या अँप्लिफायरची दोन तयार मॉड्यूल कुरियरने मागवली, एक डाव्या स्पीकरसाठी, एक उजव्यासाठी. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी हिरवी पट्टी, मधोमध एक काळी चिप, बाजूला चार गुंडाळ्या. ही चिप आवाजाचे सेकंदाला लाखो तुकडे करते आणि गुंडाळ्या ते पुन्हा जोडून स्पीकरला देतात. जुन्या लॅपटॉपचा अडॅप्टर वीज द्यायला पुरला. अल्युमिनियमच्या डब्याला तिने स्वतः भोकं पाडली, आवाजाचं बटण बसवलं, इनपुटच्या तारा विजेच्या तारांपासून दूर ठेवून डाक देऊन जोडल्या. तीन संध्याकाळी गेल्या.

चालू करून पाहिलं तर काहीच ऐकू आलं नाही. तिला वाटलं, कुठेतरी चूक झाली. मग तिने इनपुटच्या तारेला बोट लावलं आणि स्पीकर एकदम गुरगुरला. बोट काढलं की पुन्हा शांत. ती हसली. देवरावांच्या जुन्या यंत्रात पाच किलोचा ट्रान्सफॉर्मर होता. गाणं सुरू व्हायच्या आधीपासून ते संपल्यावरही त्यातून घुंई येत राहायची. लहानपणापासून प्रत्येक गाणं तिने त्या घुंईसकट ऐकलं होतं. हे नवीन यंत्र मात्र आपण चालू आहोत हेही कळू देत नव्हतं.

दसरा होऊन गेला होता. २०१७ सालचा तो दसरा. जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन माणसं दवाखान्यात भरती होत होती, काही परत आलीच नव्हती. रविवारी सकाळी शीला डबा मांडीवर घेऊन दारव्ह्याच्या एसटीत बसली. शेजारच्या बाईच्या हातातल्या पेपरात पुन्हा तीन नावं होती. शीलाने मान खिडकीकडे वळवली. बाहेर कपाशी उभी होती आणि पाठीवर पंप घेतलेला एक माणूस तोंडाला दुपट्टा बांधून दोन ओळींमधून चालत होता. तिची धाकटी बहीण दीपा अशाच फवारणीच्या औषधाने गेली होती. तेरा वर्षं झाली होती. दीपा तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

घरी तिने तारा जोडल्या. कांताबाईने पदराने कॅसेट पुसून दिली. पट्टीवर देवरावांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'निळी पहाट'. त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं. कांताबाई भिंतीला टेकून बसली आणि तिने डोळे मिटले.

पेटी वाजली, ढोलक आली, देवराव गाऊ लागले.

"निळ्या पहाटे निघालो आम्ही, मागे वळूनी पाहू नका..."

शीलाला बाबा समोर बसल्यासारखे वाटत होते. कडव्याआधी ते श्वास घ्यायचे तोसुद्धा ऐकू येत होता.

कांताबाईने हात वर केला.

"थांब. मांगं कोन हाये?"

"कुठं मागं?"

"गान्याच्या मांगं. कोनी तरी म्हनून राह्यलं."

शीलाने टेप मागे घेतली, आवाज वाढवला. देवरावांची ओळ सुरू व्हायच्या जरासं आधी तीच ओळ फार लांबून येत होती. विहिरीच्या तळाशी बसून कोणी म्हणावं तशी.

"ते टेपमुळं होते आई," ती म्हणाली. "टेप गुंडाळून ठेवली की एका थराचा आवाज दुसऱ्या थरावर छापल्या जातो. म्हणून ओळ आधीच ऐकू येते. जुन्या मशीनच्या घुंईत ते दबून जात होतं."

"छापल्या जातो तं त्याचाच आवाज छापल्या जाईन नं?" कांताबाईने डोळे उघडले होते. "हा बाईमानसाचा हाये."

शीलाने उजव्या स्पीकरची तार काढली. डावा एकटा वाजू लागला. दुसरं कडवं आलं. देवराव एक ओळ संपवून थांबले, पेटीवर नुसते सूर राहिले आणि त्या फटीत तो आवाज स्वच्छ आला. पातळ, जरा नाकातला, 'पहाट'मधला 'हा' लांबवणारा.

दोघींनी तो एकदमच ओळखला. असा 'हा' घरात एकच माणूस लांबवायचं.

"दीपा," कांताबाई म्हणाली. तिने ते नाव इतक्या हळू घेतलं की शीलाला ते नुसतं ओठांवर दिसलं.

दीपा देवरावांबरोबर कार्यक्रमात गायची. पण ती गेल्यावर तिचा एकही आवाज घरात सापडला नव्हता. कांताबाईने बारा वर्षं विचारलं, प्रत्येक वेळी देवराव म्हणाले, भरलीच नाही कधी तिची टेप, राहून गेलं.

"बाबांनी त्याच कॅसेटवर दुसऱ्यांदा भरलं असेल," शीला म्हणाली. "रेकॉर्डरमध्ये आधीचं पुसणारं एक हेड असते. ते कमजोर असलं की आधीचं पूर्ण जात नाही. खाली राहते."

"म्हंजे हे तिनं आधी म्हटलं."

"हो."

"मंग त्यानं मले काहून नाही सांगतलं?"

संध्याकाळच्या गाडीने जाताना शीलाने कॅसेट बरोबर नेली. आयटीआयच्या लॅबमध्ये चांगला डेक होता. तिथे तिने गाणं कॉम्प्युटरवर उतरवलं, कानाला मोठे हेडफोन लावले आणि चार वेळा ऐकलं. देवराव गात होते. ओळींच्या फटींत पेटी होती, टेपची सळसळ होती. बाकी काहीच नव्हतं. तिने वरचा आवाज कापला, खालचा वाढवला, जे जे येत होतं ते सगळं केलं. खाली कोणीच गात नव्हतं.

आपल्याला भास झाला असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण दोघींना एकदम, एकाच अक्षरावर भास कसा होईल?

पुढच्या रविवारी तिने कॅसेट परत नेली. टेपडेकमध्ये घातली, नवीन डब्याचं बटण फिरवलं. दीपा होती. आणि आता ती विहिरीच्या तळाशी नव्हती. बाजूच्या खोलीत असल्यासारखी होती.

शीलाने काम काढलं. तिने डबा उघडला, मॉड्यूल बदलून डाव्याचं उजव्याला लावलं, डेकचं हेड स्पिरिटने पुसलं, स्पीकरच्या तारा उलटसुलट केल्या. मीटर लावून एकेक जागा मोजली. कुठेही काही वावगं नव्हतं. दुसऱ्या कॅसेटी लावल्या, त्यांत फक्त देवराव होते. 'निळी पहाट' लावली की दीपा. आपण स्वतः केलेली वस्तू, तिची प्रत्येक तार माहीत असलेली वस्तू समोर उघडी पडली आहे आणि आपल्याला तिच्यातलं काहीच कळत नाही, असं शीलाला आयुष्यात पहिल्यांदा झालं. तिने पेचकस खाली ठेवला.

"राहू दे आता," कांताबाई म्हणाली. "कॅसेट इथंच ठेवून जा."

त्या आठवड्यात कांताबाईने ते गाणं रोज दुपारी लावलं. तिसऱ्या रविवारी शीला आली तेव्हा गाणं चालूच होतं. ती दारातच थांबली. घरातून दीपाचा आवाज येत होता. भरदार नव्हता, पण पुढे होता. देवराव तिच्या मागे गेले होते. इतके मागे, की त्यांचे शब्द लागत नव्हते.

कांताबाई आत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, "मधात ती काहीतरी बोलते. गानं नाही, बोलनं. मले समजत नाही. तू आयक."

शीला स्पीकरपाशी खाली बसली. दुसऱ्या कडव्यानंतर दीपा थांबली आणि म्हणाली, "बाबा, मले चक्कर येऊन राह्यली."

आणि मग देवराव बोलले. वरच्या गाण्यातले देवराव नव्हे. तेरा वर्षांपूर्वीचे, त्याच खोलीतले.

"येवढं कडवं म्हन. मंग झोप."

शीलाने झटक्यात बटण बंद केलं. शेंगांच्या टोपल्यात कांताबाईचा हात तसाच राहिला होता.

"ढोलक कोनाची हाये याच्यात?" तिने विचारलं.

ढोलक नानाजींची होती. तीस वर्षं देवरावांच्या साथीला तेच असत. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत राहायचे, दमा होता, आता फार बाहेर पडत नसत. शीला जाऊन त्यांना घेऊन आली. वाटेत तिने काही सांगितलं नाही.

नानाजी आले, पाणी प्यायले, खाटेवर बसले. शीलाने टेप लावली. पहिल्या दोन ओळी त्यांनी मान हलवत ऐकल्या. मग मान थांबली. दीपा म्हणाली, चक्कर येऊन राह्यली, तेव्हा ते उठले आणि काठी न घेताच अंगणात गेले. कडुनिंबाला धरून उभे राहिले. कांताबाई त्यांच्या मागे गेली.

"नानाजी, त्या दिवशी तुमी घरात होते?"

"होतो वयनी."

"मले तं सांगतलं का ती वावरात पडली. सदाशिवरावच्या वावरात. तिथंच जीव गेला म्हने."

"नाही." नानाजींना दम लागला होता. "चार वाजता आली ती. पायानं आली. दिवसभर औषधात पानी कालवून पंपं भरून देत होती. डोये बारीक झालते, घाम निथयत होता. कॅसेट दुसऱ्या दिवशी सकायच्या गाडीनं नागपूरले जानार होती. त्या कंपनीवाल्यानं देवरावले कबूल केलतं, पोरीचा आवाज आवडला तं कॅसेट काढतो म्हनून. पन्नाशीत पहिल्यांदा कोनी त्याले असं म्हटलतं. तो म्हने, येवढं गानं म्हन माय, मंग झोप. तिनं म्हटलं. मधात थांबली, तं तो म्हने, येवढं कडवं."

"आन तुमी?"

"मी वाजवत राह्यलो." नानाजी रडू लागले. "मी ढोलक नाही थांबवली वयनी. अर्धा घंटा. जीप मिळेपर्यंत सारं आटपलतं. त्यानं माह्याकडून शब्द घेतला, कोनाले सांगू नको. आठ दिसानं त्यानं सोताच ते गानं त्याच कॅसेटवर भरलं. मले बोलावलं वाजवाले. मी गेलो."

कांताबाई त्या दिवशी महागावला भावाकडे होती. शीला यवतमाळला होस्टेलवर. दोघी पोचल्या तेव्हा दीपाला पांढऱ्या कापडात ठेवलं होतं.

कांताबाईने नानाजींना धरून आत आणलं, खाटेवर बसवलं, त्यांची काठी त्यांच्या हातात दिली. शीलाला म्हणाली, "पुरी लाव."

"आई, नको."

"मले आयकू दे. मी नव्हती तिथं. आता हावो."

शीलाने टेप लावली. दुपारचे तीन वाजले होते. अंगणात ऊन होतं, रस्त्याने कापसाची गाडी जात होती. घरात दीपा गात होती. आता वरचं गाणं उरलंच नव्हतं. देवरावांचा तो गाजलेला आवाज कुठेच नव्हता, फक्त पेटी, ढोलक आणि ही मुलगी. तिसऱ्या कडव्यात तिचा सूर हलू लागला. शब्द जड होऊ लागले. 'पहाट'मधला 'हा' तिने लांबवायला घेतला, पुरा झाला नाही. तिने श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटला. या वेळी पुरा केला. कडवं संपलं.

मग पेटीचा भाता एकदम बसल्याचा आवाज आला. काहीतरी पडलं. ढोलक थांबली.

"दीपे?" देवराव म्हणाले. "दीपे, उठ वं. झालं, झालं तुहं गानं. आता उठ. नाना, पानी आन. दीपे, उठ नं माय. नाही म्हनाले लावत आता. उठ."

ते कितीतरी वेळ तेच म्हणत होते. रेकॉर्डर बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मग टेपची सळसळ राहिली, आणि मग तीही गेली. त्या डब्यातून इतकी पूर्ण शांतता आली की शीलाला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू आलं.

खाटेवर नानाजींनी तोंड झाकून घेतलं होतं. कांताबाई मात्र रडली नाही. तिने टोपलं बाजूला सारलं, लुगडं झटकलं आणि चपला पायात घातल्या.

"कुठं चालली?"

"सदाशिवरावकडे."

शीला तिच्या मागे गेली. सदाशिवराव गावातले शेतकरी, आता सत्तरीच्या पलीकडचे. तेरा वर्षं कांताबाई त्यांना भर बाजारात शिव्या देत आली होती. पोरगी वावरात मरून पडली आणि या माणसाने तिला घरीसुद्धा आणलं नाही, असं सांगत आली होती. 'ती पायानं घरी गेली,' असं ते तेव्हापासून म्हणत होते. कोणी मानलं नव्हतं. बौद्धपुऱ्यातून त्यांच्या वावरात मजूर जाणं तेव्हाच बंद झालं होतं.

ते ओसरीवर बसले होते. कांताबाईला येताना पाहून उठून उभे राहिले. भीतीनेच, असं शीलाला वाटलं.

"सदाशिवराव, ती पायानं घरी आलती," कांताबाई अंगणातूनच म्हणाली. "मले आज समजलं. मी तुमच्यावर खोटं बोलली. येवढंच सांगाले आली."

म्हाताऱ्याचं तोंड हललं. "मी म्हनत होतो नं कांताबाई."

"म्हनत होते. पन औषध तुमचं व्हतं. हातात घालाले काई नव्हतं, तोंडाले काई नव्हतं. ते मी नाही इसरली."

"कोनालेच नव्हतं," सदाशिवराव म्हणाले. "माह्या पोरालेबी नव्हतं."

"ते तुमच्यापाशी," असं म्हणून ती वळली.

घराच्या फाटकापाशी कांताबाई शीलाला म्हणाली, "बारा वर्स मी तुह्या बापाले भाकर वाढली. कधी कधी तो जेवता जेवता थांबे. मी म्हनो, मीठ कमी झालं का? तो म्हने, नाही, चांगली हाये." मग तिने फाटक लोटलं.

त्यानंतर तिने गाणं लावलं नाही. शीलाने टेप सुरुवातीपर्यंत मागे गुंडाळून, सगळी डाव्या चाकावर आणून डेकमध्येच ठेवली, कारण कांताबाई म्हणाली, डब्बीत नको कोंडू. बाकीच्या कॅसेटी तिने ट्रंकेत घातल्या. विहारात देवरावांच्या स्मरणाचा कार्यक्रम झाला तेव्हा नानाजींनी उठून सगळ्यांसमोर सांगितलं. काही माणसं निघून गेली, काही खाली पाहत बसून राहिली. 'निळी पहाट' त्या दिवशी कोणी म्हटलं नाही.

जानेवारीत शीलाने कांताबाईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी यवतमाळला नेलं. घराला कुलूप लावलं, मीटरपाशी मेन स्विच खाली ओढला. आठ दिवस घर बंद होतं. नवव्या दिवशी दुपारी दोघी परतल्या. शीलाने कुलूप काढलं, मेन स्विच वर केला, खिडक्या उघडल्या.

टेपडेकची काच धुळीने माखली होती. तिने बोटाने पुसली. टेप डाव्या चाकावर नव्हती. सगळीच्या सगळी उजव्या चाकावर गेली होती, बाजू संपली होती.

"आई, निघायच्या आधी तू लावलं होतं गाणं?"

डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेली कांताबाई चाचपडत आली. शीलाने तिचा हात डेकवर ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. कांताबाईने काचेवरून बोट फिरवलं.

"मी नाही लावलं."

"मग?"

"या बारीनं तिले कोनी म्हन म्हटलं नसन," कांताबाई म्हणाली. "आपल्या मनानं म्हटलं असन."

तिने पाणी मागितलं. शीला माठाकडे गेली. टेप तिने परत गुंडाळली नाही.